सहज आलो होतो

मांजराविषयी आपल्या पूर्वजांचे मत फारसे चांगले नव्हते. ज्यांना नुसत्या शब्दानेही मान देऊ नये अशा माणसांची एक यादी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. तिच्यात पाखंडी आहेत, शठ आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला 'बैडालव्रतिक' बसविलेला आहे. बैडालव्रतिक म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला. वर धर्माचा झेंडा, आत लोभ. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेच्या काठी हात वर करून तप करणाऱ्या एका मांजराची गोष्ट आहे. उंदरांचा त्याच्यावर विश्वास बसतो आणि उंदीर दिवसेंदिवस कमी होत जातात. ही गोष्ट दुर्योधनाने उलूकाच्या तोंडून युधिष्ठिराला ऐकविली. ढोंगाचा आरोप कोण कोणावर करीत होते हेही पाहण्यासारखे आहे. मामल्लपुरम येथे सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पपटावर असेच एक मांजर तपाला उभे आहे आणि त्याच्या आसपास उंदीर निर्धास्त बसले आहेत. पंचतंत्रातला ससा आणि कपिंजल पक्षी आपले भांडण ज्याच्यापुढे नेतात तो न्यायाधीशही मांजरच. निकाल काय लागला हे सांगावयास नको.

इतका दुर्लौकिक असूनही मांजर आमच्या घरात आले, चुलीजवळ बसले, आणि संध्याकाळी आमचे स्वागत करू लागले. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज होतो. आत कोठेतरी, बहुधा नेमक्या नको त्या गादीवर, झोपलेली मनी उठते. पुढचे पाय लांब करून अंग ताणते, आणि शेपटी सरळ उभी धरून, टोकाला किंचित बाक देऊन दाराकडे चालू लागते. तोंड न उघडता कंठातल्या कंठात एक लहानसा कंप पावणारा आवाज काढते. मग आपल्या पायाला डोके घासते, गाल घासते, कूस घासते, आणि शेवटी शेपटीचा वेढा पोटरीला घालून पलीकडे जाते. दिवसभर कचेरीत ज्याची कोणी दखल घेतली नाही अशा माणसालाही त्या क्षणी आपण कोणीतरी आहोत असे वाटते.

तेवढ्यात आतून आवाज येतो, "फार फुशारू नका. ती तुम्हांला नव्हे, दुधाच्या पातेल्याला नमस्कार करते आहे."

असे म्हणणारे एक माणूस प्रत्येक घरात असतेच, आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नसते. पातेले खरोखरच जवळ असते. मनीही पायांना वेढे घालीत घालीत आपल्याला हळूहळू तिकडेच नेत असते. मग ज्याला आपण स्वागत समजलो ते स्वागत होते काय? स्वागतामागे गरज असली तर त्याचे मोल शून्य होते काय? हा प्रश्न मांजरापुरताच असता तर दिवाळी अंकाची पाने त्यासाठी खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण याच महिन्यात आपल्या दारात किती पावले येतात! रुमालाने झाकलेली फराळाची ताटे येतात, पोस्त मागणारे येतात, वर्षभर न दिसलेले आप्त येतात. प्रत्येकाच्या हसऱ्या चेहऱ्यामागे डोकावून पाहण्याचा मोह आपल्याला होतोच.

मांजरांचेच पाहू. त्यांच्या ह्या शिष्टाचाराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष बरेच उशिरा गेले. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये शार्लट कॅमरन-बोमाँट ह्या संशोधक बाईंनी मांजराच्या आकाराच्या काळ्या आकृत्या कापून घरातल्या मांजरांना दाखविल्या. काहींची शेपटी उभी, काहींची खाली. उभ्या शेपटीची आकृती पाहून मांजरे स्वतःची शेपटी उभारीत आणि लगबगीने तिच्याकडे जात. खाली शेपटीची आकृती दिसली की त्यांना संकोच पडे. म्हणजे उभी शेपटी हा नुसता आनंदाचा उमाळा नव्हे, समोरच्याला वाचता येणारी ती एक खूण आहे. दोन ओळखीची मांजरे भेटतात तेव्हा आधी एकजण शेपटी उभारतो. दुसऱ्याने तिला शेपटीने उत्तर दिले की दोघे जवळ येतात, नाकाला नाक लावतात, डोक्यावर डोके घासतात, आणि कधी कधी शेपटीत शेपटी गुंतवून चार पावले बरोबर चालतात. रोममध्ये मोकळ्या राहणाऱ्या मांजरांच्या एका वसाहतीचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तेथे असे दिसले की शेपटी उभारून पुढे जाणारे मांजर बहुधा खालच्या मानाचे असते आणि जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे ते जाते त्याचा मान वरचा असतो. धाकट्याने थोरल्याला आधी नमस्कार करावा हा नियम आपण फार सुसंस्कृत असल्यामुळे काढला अशी आपली समजूत होती. ती थोडी सैल करावयास हरकत नाही.

आता अंग घासण्याविषयी. मांजराच्या गालांत, कानशिलांजवळ, ओठांच्या कडांना आणि शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. आपल्या नाकाला तो वास येत नाही, त्यांच्या नाकाला येतो. हे कळल्यापासून शंकेखोरांना एक नवीन हत्यार मिळाले: 'मांजर तुमच्यावर प्रेम करीत नाही, तुमच्यावर शिक्का मारते.' मला हा अर्थ फार कोता वाटतो. एकत्र राहणारी मांजरे एकमेकांना घासतात तेव्हा वास दोन्ही बाजूंनी लागतो, आणि असे करता करता साऱ्या कुटुंबाचा मिळून एक वास तयार होतो. त्याला मालकी म्हणावयाचे असेल तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या मनगटाला अत्तर लावणाऱ्या घरधनिणीलाही मालकीण म्हणावे लागेल! ती अत्तराचे बोट फिरविते, गुलाबदाणी शिंपडते, आणि घटकाभर त्या खोलीतल्या सगळ्या जणी एका वासाच्या होतात. बाहेर जिन्यात त्या पुन्हा निरनिराळ्या होतील. नरकचतुर्दशीला पहाटे एकाच वाडग्यातले उटणे घरातल्या सगळ्यांच्या अंगाला लागते. त्यात कोणी कोणावर शिक्का मारतो?

पण पातेल्याचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. स्वीडनमधील काही संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ मांजरांना घरात एकदा अर्धा तास आणि एकदा ४ तास एकटे ठेवले, आणि घरचे माणूस परतल्यावर ती काय करतात ते पाहिले. ४ तासांनंतर मांजरे अधिक घुरघुरली आणि त्यांनी अंगही अधिक ताणले. विरह किती झाला याची त्यांना जाण असते असा याचा अर्थ लावता येईल. शंकेखोर म्हणेल, ४ तासांत भूकही अधिक लागते. तुर्कस्तानातून २०२५ साली आणखी एक निरीक्षण आले. घरी परतणाऱ्या ३१ माणसांनी आपल्याबरोबर कॅमेरा ठेवला आणि पहिल्या १०० सेकंदांत मांजर काय करते ते टिपले. मांजरे पुरुषांपुढे बायकांपुढल्यापेक्षा दुपटीहून अधिक वेळा म्याव म्याव करतात असे दिसले. संशोधकांचा तर्क असा की पुरुषांचे लक्ष लवकर वेधले जात नाही, म्हणून मांजराला त्यांच्याशी जास्त बोलावे लागते. ही माहिती आमच्या घरातल्या पातेलेवादी पक्षाला फार आवडली. तिच्यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही असेही सांगण्यात आले.

माझे मत असे आहे की असले शंभर प्रयोग केले तरी 'दूध की माया' ह्याचा निकाल लागणार नाही. कारण प्रश्नच चुकीच्या जागी कापला आहे. मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिकेतले आणि पश्चिम आशियातले रानमांजर. ते एकटे शिकार करते, एकटे खाते, एकटे झोपते. त्याला कोणाचे स्वागत करण्याची वेळच येत नाही. माणसाने धान्याची कोठारे भरली, कोठारांत उंदीर आले, उंदरांमागे मांजरे आली, आणि जी एकमेकांपासून कोसभर लांब राहत होती ती एका आळीत राहू लागली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. त्यात माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर एका मांजराचा सांगाडा मुद्दाम ठेवलेला आहे. त्याचे वृत्त २००४ साली प्रसिद्ध झाले. शेजार इतका जुना आहे. शेजार आला म्हणजे 'मी भांडावयास आलेलो नाही' हे दुरूनच सांगण्याची सोय हवी. ती सोय मांजराने कोठून आणली? अनेक अभ्यासकांचा तर्क असा की पिलूपणातून आणली. शिकारीहून परतलेल्या आईकडे पिले शेपटी उभी करून धावतात. तीच खूण मोठेपणी एकमेकांसाठी आणि मग माणसांसाठी उपयोगात आली. 'म्याव'चीही कथा हीच. प्रौढ मांजरे आपसांत म्याव सहसा करीत नाहीत; पिलू आईला करते, आणि मोठे मांजर आपल्याला करते.

आपल्याकडे दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांत ह्या पिलावरून मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणे, भक्ताने माकडाच्या पिलासारखे देवाला घट्ट धरून ठेवावे. दुसरा म्हणे, मांजराच्या पिलासारखे निःशंक असावे, आईच त्याला तोंडात धरून नेते. दुसऱ्या पक्षाचे मोठेपण मान्य करूनही मला वाटते की मांजराचे पिलू अगदीच काही करीत नाही असे नाही. आई दिसताच ते शेपटी उभारते. हे सारे जमते तेवढे, पण तेवढे ते करते.

आता त्या पिलाला विचारा, तू आईकडे धावतोस की दुधाकडे? त्याला प्रश्नच कळणार नाही. त्याच्या दृष्टीने आई हीच ऊब आहे, तोच वास, तेच दूध. गरज आणि माया ह्यांची ताटातूट पुढे मोठ्या माणसांनी, हिशेब शिकल्यावर, केली. शाळेतून धावत येऊन "आई, भूक" म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी 'आई' हा शब्द खोटा आणि 'भूक' हा तेवढा खरा, असे कोणती आई मानते?

मग ढोंग कशाला म्हणावयाचे? येथे मला मनूपेक्षा मांजराची बाजू घ्यावीशी वाटते. ढोंगी तो, जो गरज असून ती नसल्याचे सोंग आणतो. आपल्या भाषेत त्याच्यासाठी एक वाक्य तयारच आहे: 'काही नाही, सहज आलो होतो.' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. सहज आलेला गृहस्थ पाऊस, महागाई, मुलांचे मार्क आणि गुडघेदुखी ह्या विषयांवर तासभर बोलतो. दोन वेळा 'चला, निघतो' म्हणतो. आणि एक चप्पल पायात, एक बाहेर, अशा अवस्थेत दारात वळून म्हणतो, "बरं, एक सांगायचं राहिलंच." त्या राहून गेलेल्या गोष्टीसाठीच तो दोन बस बदलून आलेला असतो. मांजर सहज आले असे कधी भासवीत नाही. ते भेटते आणि सरळ पातेल्याकडे जाते. भेटही उघड, भूकही उघड. आमचे पूर्वज बाकी सर्व बाबतींत कितीही सूक्ष्म असोत, व्रताला नाव देताना त्यांनी प्राणी चुकीचा निवडला.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात. त्यांच्याकडे एक पांढरी-करडी मांजरी येते. ती त्यांची नव्हे. साऱ्या इमारतीची आहे. सकाळी साडेसातला शेपटी उभारून ती त्यांच्या उंबऱ्यावर हजर होते. मी एकदा म्हटले, "आजी, ही दुधासाठी येते हो." त्या म्हणाल्या, "मग? मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे. आमच्यात लपवाछपवी नाही. दूध पिऊन झालं तरी बसते की घटकाभर."

ह्याच आजींचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. महिना दोन महिन्यांनी येतो. गेल्या वर्षापासून इमारतीच्या पुनर्विकासाचे चालले आहे, त्याच्या कागदांवर आजींच्या सह्या लागतात. तो दारात उभा राहून म्हणतो, "आई, सहज आलो होतो." आणि आजी तो बसण्याच्या आत म्हणतात, "कागद टेबलावर ठेव." त्यानंतर दोघांना बोलावयास काही उरत नाही. चहा होतो, सही होते, तो जातो. मग आजी मला सांगतात, "सहज कोणी येत नसतं बाई. काम असलं की पाय वळतात."

मला हे ऐकून अस्वस्थ वाटते. आजी चूक आहेत असे मी म्हणू शकत नाही. मांजरी फार तर वाटीभर दूध नेईल. कागदावरची सही घर नेऊ शकते. म्हाताऱ्या माणसाने सावध असू नये असे सांगणे हा साळसूद मूर्खपणा झाला. पण जे माप त्या मांजरीला लावतात ते मुलाला लावीत नाहीत, हेही खरे. मांजरीच्या बाबतीत गरज आणि जिव्हाळा एका शेपटीवर शेजारी शेजारी नांदू शकतात. मुलाच्या बाबतीत कागद निघाला की बाकी सारे खोटे ठरते. त्या मुलाचाही दोष आहेच. तो एकदा जरी म्हणाला असता, "आई, सही हवी आहे, आणि तुला बघायचंही होतं," तर कदाचित काही निराळे घडले असते. पण त्याला वाटते गरज सांगितली तर भेटीची किंमत जाईल. म्हणून तो गरज लपवितो आणि भेटच संशयित करून टाकतो. गेल्या महिन्यात तो आला तेव्हा मी खाली भाजी घेत होते. त्याने स्कूटर लावली आणि उतरला नाही. पाच-सात मिनिटे सीटवर बसून तो वर आईच्या गॅलरीकडे पाहत राहिला. मग पिशवी सावरून जिना चढला. दुसऱ्या दिवशी मी हे आजींना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खाली कशाला बसला उन्हात? वर यायचं की."

मांजराच्या स्वागतात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यांत अवघड वाटते. शेपटी उभारल्यावर मांजर थांबते. समोरच्याने ओळख दिली तरच पुढे जाते. पाऊल लायहाऊसेन ह्या जर्मन संशोधकाने मोकळ्या मांजरांविषयी लिहिले आहे की दोघांची वाट एका ठिकाणी छेदत असली तर पुष्कळदा दोघेही दूर बसून एकमेकांकडे पाहत राहतात, शेवटी एकजण उठून निघून जातो आणि दुसऱ्याला वाट मोकळी होते. न भेटण्याचीही त्यांच्यात रीत आहे आणि तिचा कोणी राग मानीत नाही. झुरिकचे डेनिस टर्नर ह्यांनी माणसे आणि मांजरे ह्यांच्या भेटींची वर्षानुवर्षे नोंद केली. त्यांना आढळले की मांजर आपण होऊन माणसाकडे आले तर भेट जास्त वेळ टिकते. माणसाने जाऊन मांजराला धरले तर ती लवकर आटोपते.

हे वाचताना मला दिवाळीत पाहुण्यांपुढे ढकलली जाणारी मुले आठवतात. "अरे, काकांना नमस्कार कर! कर म्हटलं ना!" मूल वाकते, काका "असू दे, असू दे" म्हणतात, आणि दोघांचीही सुटका होते. सवय लागावी म्हणून हे करावे लागते असे वडीलधारे म्हणतात, त्यात तथ्य असेल. पण त्याच मुलाला एकटे सोडले तर ते अर्ध्या तासाने आपला फुलबाजा घेऊन त्याच काकांच्या गुडघ्याशी येऊन उभे राहते. तो नमस्कार कोणी शिकविलेला नसतो, आणि काकांनी काडी ओढावी ही अपेक्षाही त्यात उघडच असते.

मांजर डोळे मिटून दूध पिते, तिला वाटते कोणी पाहत नाही, अशी आपली म्हण. डोळे मिटण्याचा दुसरा एक अर्थ अलीकडे ध्यानात आला आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की माणसाने मांजराकडे पाहून डोळे सावकाश बारीक केले, मिटले, उघडले, तर मांजरही बहुधा आपले डोळे बारीक करते. आणि अनोळखी माणसाने असे केल्यावर त्याने पुढे केलेल्या हाताकडे मांजर यावे हा संभव वाढतो. ज्याच्यापुढे डोळे मिटावयाचे त्याच्यावर घटकाभर तरी भरवसा ठेवावा लागतो.

तेव्हा ह्या दिवाळीत ज्यांच्याकडे मांजर आहे अशा घरी फराळाला गेलात तर त्याला उचलू नका, 'पुसपुस' करून हाका मारू नका, वाकून तोंडाजवळ तोंड नेऊ नका. खुर्चीवर स्वस्थ बसा. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडे लांबच, धरा. ते पाहत असेल तर सावकाश डोळे मिटा आणि उघडा. मग वाट पाहा. ते येईल, किंवा तोंड फिरवून अंग चाटू लागेल. तोवर यजमानीण बाई चकल्यांची ताटली घेऊन येतातच, आणि चकलीसाठी आलो होतो असे त्यांना मोकळेपणाने सांगावयास काय हरकत आहे?